पॅकर्सवाल्याला सामान द्यायच्या आधी त्याचं खरं नाव शोधा

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही नाशिकहून बंगळुरूला शिफ्ट झालो. टू बीएचकेचं सामान, कोटेशन २४,००० चं, त्यातले ५,००० ॲडव्हान्स दिले, सकाळी पाच पोरं आली आणि दुपारी तीनपर्यंत घर रिकामं पण झालं. तिसऱ्या दिवशी फोन आला की गाडी चेकपोस्टला अडवलीय, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाहीये, आत्ताच्या आत्ता १४,००० पाठवा नाहीतर सामान जप्त होईल. बायको दीड वर्षाच्या मुलीला घेऊन रिकाम्या फ्लॅटमध्ये चटईवर, गॅस नाही, भांडी नाहीत, अंगावरचे दोन जोड कपडे, मी पैसे पाठवून दिले. सामान अकराव्या दिवशी आलं, वेगळ्याच गाडीतून, आणि आईने दिलेला शिसवी देव्हारा मधोमध चिरलेला. भांडायला म्हणून बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती, काढली तर तिच्यावर जे नाव छापलेलं होतं ते मी आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं.

हे सगळं परत कोणावर येऊ नये म्हणून लिहितोय. लोक विचारतात, "चांगला पॅकर्स सांगा ना", पण खरा प्रश्न वेगळा आहे, की मी ज्याला पैसे देतोय, ज्याच्याशी बोलतोय आणि ज्याच्या ताब्यात माझं घर जातंय तो एकच माणूस आहे का. कारण पॅकर्स अँड मूव्हर्स नावाच्या धंद्यात बऱ्याचदा तीन-चार वेगळी माणसं असतात. तुम्ही एखाद्या साइटवर नंबर टाकला की दहा मिनिटांत पाच-सहा फोन सुरू होतात ना, ते कारण तुमचा नंबर एकाच वेळी सगळ्यांना विकला गेलेला असतो. फोन करणारा बऱ्याचदा नुसता एजंट असतो, पॅकिंगची पोरं रोजंदारीची, गाडी तिसऱ्याच मालकाची, आणि लांबचा प्रवास असेल तर वाटेत एखाद्या गोडाऊनला सामान उतरवून दुसऱ्या मोठ्या गाडीत चार घरांच्या सामानाबरोबर चढवलं जातं. यात बेकायदेशीर असं काही असेलच असं नाही, पार्ट लोड स्वस्त पडतो आणि तुम्हाला सांगून केला तर चांगलाच आहे. पण काही तुटलं की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून कागदावर एक नाव पकडून ठेवायचं आणि ते नाव कुठे बदलतंय ते बघत राहायचं.

आता लायसन्सचं. "पॅकर्स अँड मूव्हर्स लायसन्स" असा वेगळा परवाना आपल्याकडे नाहीये, त्यामुळे कोणी म्हणलं की आमच्याकडे सरकारी पॅकर्स लायसन्स आहे तर कुठल्या कायद्याखालचं ते विचारा. जो कायदा लागू होतो तो म्हणजे कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७. आधी यासाठी इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट होता, त्याच्या जागी हा आला आणि १ मार्च २०११ पासून नियमांसकट लागू झाला. यात 'कॉमन कॅरियर' ची व्याख्या बरीच मोठी आहे, जो कोणी भाडं घेऊन लोकांचा माल मोटारगाडीने इकडून तिकडे नेतो, किंवा बिल्टीवर माल गोळा करतो, साठवतो, पुढे पाठवतो तो यात आला, आणि एजंट, ब्रोकर, बुकिंग कंपनी हे पण आले. म्हणजे "आम्ही फक्त बुकिंग करतो, गाडी आमची नाही" असं म्हणून सुटता येत नाही. या धंद्याला नोंदणी लागते, ती राज्य किंवा प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून मिळते, साध्या भाषेत आरटीओकडचं काम, आणि तिची मुदत १० वर्षं असते. तर विचारायचा प्रश्न अगदी सरळ आहे, "तुमचं कॉमन कॅरियरचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट पाठवा". खरं सांगायचं तर छोट्या-मोठ्या बऱ्याच जणांकडे ते नसतं आणि काहींना असं काही असतं हेच माहीत नसतं, पण ज्याच्याकडे आहे तो लगेच पाठवतो, आणि ज्याच्याकडे नाही तो काय उत्तर देतो त्यावरून पण बरंच कळतं.

दुसरं म्हणजे जीएसटी नंबर, आणि हे घरबसल्या दोन मिनिटांचं काम आहे तरी कोणी करत नाही. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर' असतं, लॉगिन लागत नाही, तिथे नंबर टाका. नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकचा २९, गोव्याचा ३०, गुजरातचा २४. मग पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर बघा, 'पी' असेल तर एका माणसाचा धंदा, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'सी' असेल तर कंपनी. म्हणजे जाहिरातीत "प्रायव्हेट लिमिटेड" लिहिलंय आणि पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' आहे तर तिथेच कळलं की ही कंपनी नाहीये. पोर्टलवर कायदेशीर नाव आणि धंद्याचं नाव दोन्ही दिसतात, नोंदणी चालू आहे की रद्द ते दिसतं, पत्ता दिसतो, आणि खाली फायलिंगचा तक्ता उघडला तर शेवटचं रिटर्न कधी भरलंय ते पण दिसतं. नोंदणीची तारीख जरूर बघा. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला, त्यामुळे जुने धंदे जे आधीच्या करातून इकडे आले त्यांची तारीख साधारण तीच दिसते. कोणी म्हणत असेल की १९९५ पासून सेवेत आणि नोंदणी मात्र चार महिन्यांपूर्वीची, तर मधल्या वर्षांचं काय ते विचारायचं. माझ्या त्या बिल्टीवरचा नंबर ०६ ने सुरू होत होता, म्हणजे हरियाणा, आणि मी बोललो होतो तो माणूस नाशिकचं ऑफिस सांगत होता, हे मला सामान फुटल्यावर कळलं.

इथे एक सांगायला पाहिजे, गावातल्या गावात शिफ्टिंग करणारा ओळखीचा टेम्पोवाला असेल तर त्याच्याकडे जीएसटी नंबर नसणं हा काही गुन्हा नाही, सेवा धंद्यात वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर आपल्याकडे साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण मग त्याने तुमच्याकडून जीएसटी घ्यायचा पण नाही. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करायचा अधिकारच नाहीये. कोटेशनमध्ये जीएसटीचे पैसे धरलेत आणि नंबर विचारला की "बिल नंतर पाठवतो", हे ऐकलं की मी पुढे बोलत नाही.

कंपनी असेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर नावाने शोधता येते. तिचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, २१ अक्षरांचा असतो आणि त्यात कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष चक्क लिहिलेलंच असतं, त्यामुळे अनुभवाचे दावे तिथेही ताडून बघता येतात.

मग पैसे. ॲडव्हान्स कोणाच्या नावावर जातोय ते बघा. यूपीआयने पाठवताना पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचायची सवय लावा. फर्मचं नाव एक, जीएसटीवर दुसरं आणि पैसे मागतायत तिसऱ्याच कुठल्या तरी वैयक्तिक खात्यात, "मॅनेजरचं खातं आहे सर", तर थांबा. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाच्या वैयक्तिक नावावर खातं असू शकतं, पण मग जीएसटी पोर्टलवरच्या कायदेशीर नावात तेच नाव दिसलं पाहिजे. इतकी साधी तपासणी आहे ही. मी तेव्हा ५,००० पाठवताना नाव वाचलंही नव्हतं.

आता जे छापील शिक्के लोकांना भुलवतात त्यांच्याबद्दल. आयएसओ स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते मानकं बनवतं, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्यात खऱ्या-खोट्या सगळ्या आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ऑनलाइन स्वतःच माहिती भरून होते, त्यावर अशोकस्तंभ बघून सरकारने या माणसाला पास केलंय असं समजू नका. आणि आयबीए अप्रूव्ह्ड हे सगळ्यात जास्त दिसतं. आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, बँकांची संघटना. बँका ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर व्यापाऱ्यांना पैसे देतात, म्हणून कुठल्या ट्रान्सपोर्टरची बिल्टी धरायची याची यादी ते बँकांसाठी करतात. तुमचा कपबशीचा सेट नीट गुंडाळला जाईल का याच्याशी त्याचा संबंध नाही. तरीही ज्याने दावा केलाय त्याचं नाव त्या यादीत खरंच आहे का हे आयबीएच्या साइटवर बघता येतं, आणि नसेल तर खोटं बोलला एवढं तरी समजतं. बदलीचं बिल ऑफिसला लावणाऱ्या लोकांना तर हे बघायलाच पाहिजे, कारण बोगस आयबीए बिल लावलं तर ऑफिसात उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. नावाबद्दल पण एक, प्रसिद्ध पॅकर्सच्या नावाच्या मागेपुढे 'न्यू', 'श्री', 'इंडिया', 'होम' लावून डझनावारी नावं फिरतायत, रंग पण तेच, लोगो पण तसाच. मूळ कंपनीच्या साइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, बिल्टी. हिला एलआर म्हणतात, लॉरी रिसीट, कायद्यात गुड्स रिसीट. आपण ती घडी करून खिशात टाकतो आणि विसरतो. नीट वाचा. तिच्यावर कोणाचं नाव आहे ते तर बघाच, पण दोन रकाने अजून आहेत, एक भाडं आणि एक मालाची किंमत. २०११ च्या नियमांत असं आहे की कॅरियरची नुकसानभरपाईची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते, आणि ती पण तुम्ही जाहीर केलेल्या मालाच्या किंमतीच्या वर जात नाही. याचा अर्थ काय ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. मी एकूण दिले २४,०००, पण बिल्टीवर भाडं लिहिलं होतं ४,०००, बाकीचे पॅकिंग, लोडिंग, सर्व्हिस चार्ज असे फोडलेले. दहापट म्हणजे ४०,०००. आणि मालाच्या किंमतीच्या रकान्यात त्या पोराने स्वतःच लिहिलं होतं, 'जुनं घरगुती सामान, २०,०००'. म्हणजे अख्खं घर, फ्रिज, वॉशिंग मशीन, बेड, देव्हारा सगळं धरून कागदावर २०,००० चं, आणि खाली सही माझी. सामानाची किंमत जाहीर करणं हे तुमचं काम आहे, पाठवणाऱ्याने गुड्स फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे माल देताना तो भरून देतो त्या कागदावर, ती द्यायची असते, म्हणून ती स्वतःच्या हाताने खरी भरा. जास्त किमतीची जबाबदारी कॅरियरने घ्यावी असं वाटत असेल तर जास्तीचा दर ठरवून तसं लेखी घेता येतं, कायद्यात ती सोय आहे. बिल्टीवर कुठेतरी बारीक अक्षरात 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असा शिक्का असतो, तो दिसला तर सही करायच्या आधी विचारा, आणि 'कॅरियर्स रिस्क' करून मागा. म्हणून मी आता बुकिंगच्या आधीच कोऱ्या बिल्टीचा फोटो मागतो.

विम्याचा घोळ तर याहून मोठा आहे. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, इन्शुरन्स ३ टक्के. आपण धरतो विमा झाला. पण विमा देण्याचा अधिकार फक्त आयआरडीएआयकडे, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेल्या विमा कंपन्यांना आहे, पॅकर्सवाला स्वतः विमा देऊच शकत नाही. तो जे घेतो ते बऱ्याचदा एफओव्ही असतं, म्हणजे मालाच्या किंमतीवर लावलेला ट्रान्सपोर्टरचा स्वतःचा चार्ज, आणि त्यात काय मिळणार ते त्याच्या कागदावरच्या अटींवर. खरा विमा असेल तर विमा कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट मिळतं, पॉलिसी नंबर असतो, गाडी निघायच्या आधीची तारीख असते. सर्टिफिकेटवर मरीन लिहिलेलं बघून गोंधळू नका, रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमा पण मरीनमध्येच येतो. फक्त त्यात कव्हर कोणतं आहे ते बघा. इनलँड ट्रान्झिट क्लॉज 'ए' असेल तर तो सर्वात व्यापक, हाताळताना फुटलं-तुटलं ते साधारण त्यात येतं. 'बी' मध्ये आग, गाडीला अपघात, उलटणं असे ठरावीक धोके, आणि 'सी' त्याहून कमी. "पूर्ण इन्शुरन्स आहे सर" असं म्हणणाऱ्याने 'बी' दिला असेल तर वाटेत चोळामोळा झालेल्या कपाटाला काही मिळणार नाही. सर्टिफिकेट हातात आलं की विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला पॉलिसी नंबर सांगून एक फोन करून घ्या.

गाडी दारात आली की तिचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळतोय का बघायचा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकायचा. मालवाहू आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का ते दिसतं. प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी पाहिजेत (इलेक्ट्रिक गाडी असेल तर हिरवी प्लेट, पिवळी अक्षरं), पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने माल न्यायला नसतेच. वाटेत गाडी बदलणार असतील तर दुसऱ्या गाडीचा नंबर मेसेजवर मागून घ्या.

आता त्या १४,००० बद्दल, कारण हा फोन अजूनही रोज कोणाला ना कोणाला येत असणार. ई-वे बिल हे साधारण ५०,००० च्या वरच्या मालाला लागतं हे खरं, पण वापरलेलं घरगुती आणि वैयक्तिक सामान त्यातून वगळलेलं आहे, नियम १३८ च्या यादीत तसं स्पष्ट आहे. तुमच्या जुन्या सोफ्याला ई-वे बिल लागत नाही. शिफ्टिंगच्या आधीच एखादी नवी कोरी पेटीबंद वस्तू घेतली असेल तर तिचं दुकानाचं बिल सोबत ठेवा आणि ती गाडीत टाकण्याबद्दल आधी बोला, कारण वापरलेल्या सामानाची सूट तिला लागत नाही. काही जण अजून जकातीच्या नावाने पण मागतात. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली, महाराष्ट्रातल्या बाकी महापालिकांची त्याच्याही आधी. जकात नाकाच नाही तर पैसे कसले. असा फोन आला तर अडवलं कोणी, कुठल्या ठिकाणी, आणि पावती किंवा नोटीस असेल तर तिचा फोटो पाठवा एवढंच म्हणायचं, आणि सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी करायचं.

सामान अडवून ठेवून ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागत असतील तर घाबरून जाऊ नका, तुमच्या बाजूने कायदा बऱ्यापैकी भक्कम आहे. वाहतुकीसाठी विश्वासाने दिलेल्या मालाचा अपहार करणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ च्या पोटकलम ३ खाली वेगळा गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दारात गाडी उभी करून धमकी देत असतील तर सरळ ११२ लावा. पैसे घेऊन माणूसच गायब झाला, ऑनलाइन पैसे गेलेत, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, जितक्या लवकर तितकं चांगलं.

तुटफुटीसाठी मात्र तारखा सांभाळाव्या लागतात. सामान उतरल्यावर पोच देताना सही मागतात, त्या कागदावर आधी लिहायचं, 'देव्हारा तुटलेला, दोन खोके कमी', मग सही. नुसती सही केली की सगळं ठीक मिळालं असा अर्थ निघतो, माझं तेच झालं. कोर्टात जायच्या आधी कॅरियरला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. लक्षात ठेवा, दिवस बुकिंगपासून मोजायचे. एक चांगली गोष्ट अशी की या कायद्यात कॅरियरचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर नाहीये, माल दिला आणि नीट मिळाला नाही एवढं दाखवणं पुरतं. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. त्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात केस करता येते, ट्रान्सपोर्टरच्या गावाला जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आणि ५ लाखांपर्यंत दिलेल्या पैशांच्या केसला फी पण नाही. पण केस करायला नाव आणि पत्ता लागतो, आणि माझ्याकडे तोच नव्हता, बिल्टीवरच्या नावावर जीएसटी पोर्टलला 'रद्द' लिहिलेलं होतं.

२०२५ मध्ये आम्ही बंगळुरूहून पुण्याला परत आलो. यावेळी चार जणांना एकच मेसेज टाकला, की रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, जीएसटी नंबर, कोऱ्या बिल्टीचा फोटो आणि खात्याचं नाव पाठवा. एकाने ब्लॉक केलं. दोघांनी "सर टेन्शन घेऊ नका" म्हणून फोनवर फोन केले. चौथ्याने अर्ध्या तासात सगळे कागद पाठवले, नंतर घरी येऊन सामान मोजून गेला, रेट ३१,००० सांगितला, बाकीच्यांपेक्षा सहा-सात हजार जास्त, आणि सगळीकडे नाव एकच. सामान चौथ्या दिवशी आलं. डायनिंगच्या एका खुर्चीचा पाय मोडला होता, मी पोचपावतीवर तसं लिहिलं, ड्रायव्हरने काही न बोलता त्याचा फोटो काढला, आणि तीन आठवड्यांनी खुर्चीच्या दुरुस्तीचे पैसे खात्यावर आले, बिल्टीवर जे नाव होतं त्याच नावाने.